बिराजदार सरांचं विमान

बिराजदार सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून म्हणाले, "मॅडम, एक सल्ला पायजे."

मी पेपर तपासत होते. पेन खाली ठेवलं. लातूरच्या त्या क्लासमध्ये आम्ही कितीतरी वर्षं एकत्र शिकवत होतो, ते फिजिक्स आणि मी बायोलॉजी. तेवढ्या काळात सरांनी माझ्याकडे खडू मागितला होता, मीठ मागितलं होतं, एकदा छत्री मागितली होती. सल्ला कधीच नाही.

"विचारा ना, सर."

"विमान घ्यावं म्हणतोय."

मी हसले. ते हसले नाहीत.

"घरात बसून चालवायचं," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवर. पण खेळणं न्हाई ते. समोर तीन स्क्रीन, हातात खऱ्या विमानासारखं स्टिअरिंग, त्याला योक म्हणतात, आन् पायाखाली पेडल. सिम्युलेटर. नांदेडहून मुंबईला जायला खऱ्या विमानाला जेवढा येळ लागतो, तेवढाच येळ हितं बी लागतो."

"आणि उतरल्यावर आपण कुठे असतो?"

"खुर्चीतच."

"मग उपयोग काय, सर?"

त्यांनी तुकडा पिठल्यात बुडवला. "तेच तर इचारलालोय तुमाला."

सर तेव्हा पंचावन्नच्या पुढचे असतील. किडकिडीत, उंच, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी आणि नेटकी असायची, जिना उतरला की औशाकडची. मुलांनी उत्तर सांगताना एकक गाळलं की ते थांबायचे. "पन्नास? पन्नास काय? पन्नास कांदे?" दरवर्षी नवीन बॅच यायची आणि दरवर्षी तो वर्ग तितकाच खदखदून हसायचा. सर मात्र फळ्याकडे तोंड करून मुलाच्या तोंडून एकक बाहेर पडेपर्यंत उभे राहायचे. ते मिळालं की पुढची ओळ.

शहराच्या त्या भागात तेव्हा दर चौथ्या इमारतीवर क्लासचा बोर्ड होता. तूरडाळीच्या मिलच्या जागी होस्टेलं झाली होती. जळकोट, शिरूर अनंतपाळ, पार देगलूरकडून आईबाप पोरांना एसटीतून घेऊन यायचे, गादीची वळकटी आणि तुपाची बरणी ठेवून जायचे. त्यातली कितीतरी पोरं सरांच्या हाताखालून गेली, डॉक्टर झाली. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करायची, आणि सरांना त्यांची नावं आठवायची नाहीत. "कुठल्या बाकावर बसायचास?" एवढंच विचारायचे. बाक सांगितला की ओळख पटायची.

सर एकटे राहायचे. औसा रोडच्या मागच्या गल्लीत एका दुमजली घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिथे. खालच्या मजल्यावर चांगली, थंड, स्लॅबची खोली रिकामी पडलेली असायची. घरमालकीण सुलोचनाबाई दर उन्हाळ्यात त्यांना म्हणायच्या, "सर, खाली या हो, भाजून निघाल." सर म्हणायचे, "पत्रा बरा हाय, बाई."

यामागचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपात सरांचं गाव गेलं. गणपतीसाठी त्यांची बायको शांताबाई आणि आई गावी गेल्या होत्या. सर लातुरात थांबले, कारण तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या शिकवण्यांची एक बॅच त्यांच्याकडे होती. विसर्जन झालं आणि पहाटे ते झालं. दगडमातीच्या माळवदाचं छत दोघींवर आलं. तेव्हापासून सर डोक्यावर जड छत असलेल्या खोलीत झोपले नाहीत. वर्गात चार-चार तास स्लॅबखाली उभे राहायचे, पण ते उभं राहणं होतं. पाठ टेकायची ती पत्र्याखालीच, दाराला कडी न लावता, चपला दाराकडे तोंड करून. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ते जादा तास घ्यायचे. त्या दिवशी मुलं कांद्यांवर हसायची नाहीत, का कोण जाणे.

अशा माणसाने विमान घ्यायचं म्हटल्यावर स्टाफरूममध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, पैसे बँकेत ठेवा. आमचे संचालक म्हणाले, हौस असेल तर गाडी घ्या, निदान पावसात भिजणार नाही. सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा म्हैस घ्या सर, दूध तरी देईल." सरांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. कुणाशी वाद घातला नाही.

सगळ्यात जास्त बोलले ते बाबूराव. बाबूराव म्हणजे शांताबाईंचे धाकटे भाऊ, त्याच गावचे, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावठाणात राहून शेती करणारे. दर दोन महिन्यांनी ते सोयाबीनच्या किंवा खताच्या कामाला लातूरला यायचे आणि क्लासच्या पायऱ्यांवर सरांची वाट बघत बसायचे. एकदा त्यांच्या बोलण्याच्या वेळी मीही तिथेच होते.

"दाजी, काय करलालाव ह्ये?" बाबूराव म्हणाले. "त्या पैशात गावातल्या माझ्या घराला एक खोली काढा. रिटायर झाल्यावर कुटं ऱ्हाणार? पत्र्याखाली? गावात या. मानसात या."

"बघू, बाबूराव."

"वीस वरसं झालं, बघू म्हणलालाव."

सरांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि विषय सोयाबीनच्या भावावर नेला. पण मला कळलं, हा नुसता यंत्र घेण्या न घेण्याचा प्रश्न नव्हता. साठवलेलं एकदाच खर्च होणार होतं. एक तर गावातली खोली, नाहीतर तीन स्क्रीन.

निर्णय घ्यायची त्यांची रीत त्यांच्या शिकवण्यासारखीच होती. आधी छोटा प्रयोग. त्यांनी एक साधी जॉयस्टिक आणली, जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि ठरवलं की पावसाळा संपेपर्यंत हिच्यावर रोज बसायचं. कंटाळा आला तर विषय संपला. रोज डबा खाताना मला हकिगत कळायची.

"काल लातूरला उतरलो," एकदा ते म्हणाले.

"अरे वा!"

"धावपट्टीच्या जरा अलीकडं."

"म्हणजे कुठे?"

"सोयाबीनात."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की हसावं की धीर द्यावा तेच मला कळेना.

कंटाळा त्यांना आला नाही. अडचण वेगळीच निघाली. मोठ्या सेटला जो दणकट कॉम्प्युटर लागतो, तो पत्र्याखाली लातूरच्या उन्हाळ्यात तगला नसता. दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, थंड खोली पाहिजे. थंड खोली म्हणजे खालची, स्लॅबची. आणि कानांवर हेडफोन. ही दुसरी गोष्ट त्यांनी मला फार हळू आवाजात सांगितली.

"कानात विमानाचा आवाज असला की जमिनीचा आवाज येणार न्हाई, मॅडम."

मी म्हटलं, "मग नका घेऊ, सर."

"हाव," ते म्हणाले. डबा बंद करून उठले. घ्यायचं नाही असं ठरलं, असंच मी धरून चालले.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला माहेरी होते. एका दुपारी सरांचा फोन आला, ते नांदेडच्या एसटी स्टँडवर उभे होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिथे डॉक्टर होता आणि त्याच्या घरी पूर्ण सेट आहे असं त्यांना कळलं होतं. एकट्याने जायला संकोच वाटत होता. मी स्कूटी घेऊन गेले, त्यांना मागे बसवलं आणि आम्ही डॉक्टरांच्या घरी पोचलो.

सेट एका आतल्या खोलीत होता. त्यावर चादर होती, चादरीवर इस्त्रीला जायचे कपडे. डॉक्टर ओशाळून कपडे उचलायला लागले. "सर, खरं सांगू का, नका घेऊ. मी दोन-तीन महिने चालवलं. मग दवाखाना, पोरं, वेळच मिळेना. आता बायको म्हणते, हे काढा नाहीतर मला काढा."

आतून आवाज आला, "मी फक्त पहिलंच म्हटलं होतं!"

सर खुर्चीत बसले. योकवर हात ठेवले, पेडलवर पाय. डॉक्टरांनी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि सांगितलं की इंटरनेटवर हौशी लोकांचं एक जाळं असतं. कुणी घरी बसून विमान उडवतं, कुणी घरी बसून कंट्रोल टॉवर सांभाळतं, पैसे कुणालाच मिळत नाहीत, पण सगळं खऱ्यासारखं. त्यांनी एक बटण दाबलं. बाजूच्या स्पीकरमधून आम्हालाही आवाज आला, कुणीतरी तरुण मुलगा इंग्रजीत म्हणत होता: गुड आफ्टरनून, कुठून बोलताय, कुठे निघालात?

सरांनी हेडफोन अर्धा काढला आणि मागे वळून पाहिलं. "हे मला बोलले?"

"हो सर, तुम्हालाच."

सर खुर्चीतून किंचित उठले, वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर शिक्षक उठतो तसे, आणि म्हणाले, "गुड आफ्टरनून, सर."

त्यानंतर चहा आला, निवला, परत गरम होऊन आला आणि परत निवला. नांदेडहून उडालेलं ते विमान कुठवर गेलं ते मला समजत नव्हतं. दर थोड्या वेळाने तो मुलगा उंची विचारायचा, कुठे पोचलात ते विचारायचा, आणि सर आपल्या औशाच्या उच्चारात, शब्द सुटे सुटे करत उत्तर द्यायचे.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडलं. लातूरची गाडी लागली होती, तरी ते चढेनात.

"त्या पोरानं सारखं इचारलं, कुठं पोचलात म्हणून," ते म्हणाले.

"ते त्यांचं कामच आहे ना, सर."

"हाव. कामच हाय." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण इचारलं."

पुढच्या महिन्यात त्यांनी डॉक्टरांकडचाच सेट विकत घेतला आणि खालची खोली भाड्याने घेतली. वरची सोडली नाही. झोपायचं वर, उडायचं खाली. बाबूरावांना ही बातमी बाजारात कुणाकडून तरी कळली. त्यानंतर ते क्लासच्या पायऱ्यांवर दिसेनासे झाले. सर एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "बाबूराव आला न्हाई बरेच दिवस," आणि त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

खालच्या खोलीत सुरुवातीला ते दार सताड उघडं ठेवायचे, खुर्ची दारापासून दोन पावलांवर. एक कान हेडफोनमध्ये, एक मोकळा. लोडशेडिंग असायचंच. उतरता उतरता वीज जायची आणि विमान आकाशातून नाहीसं व्हायचं. वीज आली की सर पहिली गोष्ट करायचे ती म्हणजे त्या मुंबईच्या किंवा चेन्नईच्या अनोळखी मुलाची माफी मागायची. तिकडच्या पोरांना ते माहीत झाले होते. "लातूर, पॉवर बॅक?" असं ती विचारायची म्हणे.

एका रविवारी दुपारी सुलोचनाबाईंचा मला फोन आला. आवाज दबलेला. "मॅडम, जरा येता का? सर खाली झोपलेत."

मी शेजारच्याच गल्लीत राहायचे. गेले. सर खुर्चीत मान एका बाजूला टाकून झोपले होते. तोंड थोडं उघडं, दोन्ही कानांवर हेडफोन, दार लोटलेलं. डोक्यावर स्लॅब. समोरच्या तिन्ही पडद्यांवर नुसता समुद्र होता. विमान आपलं आपण चाललं होतं, मुंबई केव्हाच मागे पडली असणार. हेडफोनमधून बारीक आवाज बाहेर येत होता, कुणीतरी परत परत विचारत होतं, कुठे पोचलात म्हणून.

"उठवू का?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"नका," मी म्हटलं. आम्ही दोघी तिथेच उंबऱ्याशी बराच वेळ उभ्या राहिलो. मग त्यांनी पंखा एकने वाढवला आणि आम्ही दार ओढून घेतलं.

बाबूराव आले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका घेऊन आले. पहिली पत्रिका दाजींना द्यायची, राग असला तरी. मी सरांकडे प्रॅक्टिस पेपर द्यायला गेले होते, तेव्हा बाबूराव दारात टोपी हातात घेऊन यंत्राकडे बघत उभे होते.

"बसा," सर म्हणाले. "खुर्चीत बसा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"मी हाय ना."

बाबूराव बसले. सर मागे उभे राहिले, त्यांच्या खांद्यांवरून हात घालून योक धरला. लातूरहून विमान उडालं आणि दक्षिणेकडे वळलं. खाली तपकिरी-हिरवे तुकडे, मध्येच रस्त्याची रेघ.

"आपलं गाव दिसतंय का?" बाबूरावांनी विचारलं.

"न्हाई. ह्येच्यात लहान गावं न्हाईत. नुसतं रान हाय."

"नवं बी न्हाई?"

"नवं बी न्हाई, जुनं बी न्हाई."

बाबूराव थोडे पुढे वाकले. पडद्यावर एक निळसर वाकडी रेघ आली होती. "ही काय?"

सरांनी विमान थोडं खाली घेतलं. "तेरणा."

"आपली तेरणा?"

"हाव."

बाबूरावांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही. "ह्या वळनावर अक्का धुनं धुवायची," ते म्हणाले. "मी बारका हुतो. मला काठावर बसवायची, आन् साबन वाहून जातंय का बघ म्हनायची."

मी त्या घराशी इतकी वर्षं परिचित होते, पण शांताबाईंबद्दल कुणी बोललेलं पहिल्यांदा ऐकत होते. सरांनी योक हळूच फिरवला. विमान वळलं आणि परत त्याच वळणावर आलं. मग परत. मी पेपर टेबलावर ठेवले आणि निघाले.

पुढे क्लास बदलला. कोट्याहून नवे सर आले, गळ्यात माइक, भिंतीएवढा पडदा, तीनशे पोरांचा हॉल. तिथे पोरांना एकक विचारायला वेळ नव्हता. बिराजदार सरांना मागची छोटी खोली दिली, मुलांच्या शंका सोडवायला. शंका घेऊन फारसं कुणी येत नसे. एका जूनमध्ये संचालकांनी शाल-श्रीफळ दिलं. सर ते घेऊन नेहमीच्या वेळी जिना उतरले.

माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नांदेडला आलो. फोनवर बोलणं व्हायचं. काही काळाने त्यांच्या आवाजात कंप आला, आणि मग हातांत असल्याचं त्यांनीच सांगितलं. विमान सरळ राहीना. "तिकडची पोरं लई चांगली, मॅडम. काही म्हणत न्हाईत. पण मलाच बरं वाटंना, त्यांच्या रस्त्यात आडवं यायला." त्यांनी सेट स्वतः सुटा केला, एकेक वायर गुंडाळून खोक्यात भरली. बाबूराव टेम्पो घेऊन आले आणि सरांना, खोक्यांना आणि दोन ट्रंकांना घेऊन गेले. वेगळी खोली बांधलेली नव्हतीच. बाबूरावांनी आपली पुढची खोली रिकामी करून दिली.

मी एकदाच तिकडे गेले, थंडीच्या दिवसांत. बाबूरावांच्या सुनेने हुरडा भाजला होता. सर ओट्यावर बसलेले होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पण मनगटाची बटणं उघडी. ती आता लागत नव्हती. घरात माणसांची ये-जा होती, टीव्ही लागलेला होता, नातू त्यांच्या पाठीवरून उड्या मारत होता. सगळे त्यांची काळजी घेत होते. खोकी कॉटखाली होती.

"जोडायचा नाही का?" मी विचारलं.

"हात ऐकत न्हाईत आता."

"पैसे वाया गेले असं वाटतं का, सर?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. पण त्यांनी तो गणितासारखा मनावर घेतला. "न्हाई," ते म्हणाले. "येकदा झोप लागली हुती मला त्यात."

निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. नव्या गावठाणातल्या गल्ल्या सरळ आखलेल्या आहेत, घरंही एका मापाची, एका रांगेत. मी नको म्हणत होते, तरी डांबरी रस्त्यापर्यंत आले. हात हलवला नाही, नुसती मान हलवली आणि वळले.

गाडी सुरू होईपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. सर गल्लीतून सावकाश चालत गेले. एका दारासमोर थांबले. तिथून दोन दारं पुढे गेले, परत थांबले, आणि मागे आले. दोन्ही बाजूंना सारखीच घरं, सारखेच ओटे. ऊन उतरलं होतं आणि गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. मधोमध उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, कुठल्या तरी दारातून कुणीतरी बोलावेल अशी वाट बघत. ड्रायव्हरने गाडी वळवली.